उणे एक पूर्णांक चार

वजन करून परत येताना गाडीत कोणी अवाक्षर काढलं नाही. आठ माणसं दाटीवाटीने बसलेली आणि आठांच्या डोक्यात एकच आकडा, सहाशे एक्कावन्न. हद्द होती सहाशे चाळीसची. रस्सीखेचीच्या अंतिम सामन्याला आठ जणांचं मिळून वजन त्याच्या आत बसावं लागतं; आधीच्या फेऱ्यांना कोणी काटा आणत नाही, पण शेवटच्या फेरीला आणतात. अकरा किलो काही दोन तास धावून आणि पाण्याचा घोट टाळून उतरत नाहीत. पंच भला माणूस होता. म्हणाला, "पाच वाजेपर्यंत काटा मांडलेला ठेवतो. माणूस बदला आणि या. नाहीतर उद्या फाउंड्रीवाल्यांना चषक असाच देऊन टाकावा लागेल."

त्याने सगळ्यांच्या वजनांची चिठ्ठी कप्तान म्हणून थोरलीच्या हातात दिली होती. थोरलीने ती न वाचताच खिशात कोंबली. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आता कागद वाचून काय करायचं, असं तिला वाटलं. एरवी कागदाशिवाय पाऊल न टाकणारी ती, त्या दिवशी तिचंही डोकं चालत नव्हतं.

गाडी कारखान्याच्या दारात थांबली. दोर वळायची ती लांबच लांब शेड रविवारची बंद होती. तागाचा आणि डांबराचा वास तेवढा होता. मधोमध पेडांचे हूक, एका बाजूला रिकाम्या रिळांची रास, आणि भिंतीवर आजोबांच्या काळापासून रंगवत आणलेली ओळ: दोरावर एकच तोंड. ओढताना बोलायचं ते फक्त कप्तानाने. या घराने तीन पिढ्या दोर वळले आणि तीन पिढ्या दोर ओढले. वळलेले दोर गावोगाव गेले. ओढून मात्र चषक काही घरी आला नाही. दोनदा अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि दोन्हीदा चिखलात लोळून परत आले.

बाबा, आत्या आणि धाकट्याची बायको शेडमध्ये वाट बघत बसले होते. बाबा एका पालथ्या रिळावर. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला तो गेलाच. आता जे काही बोलायचं ते फुंकर घातल्यासारखं. एके काळी त्यांची हाक मैदानाच्या पलीकडे ऐकू जायची. त्यांनी भुवया वर करून विचारलं, आणि धाकट्याने, थोरलीच्या भावाने, दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली, मग वर आणखी एक.

"अकरा?" आत्या उभीच राहिली. "अकरा किलो? अगं, तू तर वहीत लिहितेस ना दर गुरुवारी? काय ते सहाशे एकोणचाळीस आठशे, की काय ते? मग हे अकरा कुठून आले?"

"तेच कळत नाही," थोरली म्हणाली.

"कळत कसं नाही! कोणीतरी खाल्लंय. माझ्या दोघा पोरांची भूक मी स्वतः मारलीये चार महिने. रात्री ताटावरून उठवलंय त्यांना." आत्याची दोघं पोरं, चाळिशीला आलेली, खाली मान घालून उभी होती. आईपुढे त्यांचं वय दहाच्या वर कधी जात नसे.

मग शेडमध्ये अशी शांतता झाली की ज्यात कोणी कोणाकडे बघत नाही, पण सगळ्यांना कळतं कोणाकडे बघायचं नाहीये ते. काका शेवटी आत आला होता आणि दाराशीच थांबला होता. घरात आणि मैदानात त्याला खुंटा म्हणत. दोराच्या शेवटी, दोर काखेखालून पाठीवर आणि खांद्यावर घेऊन उभा राहायचा तो, पंचवीस वर्षं. पंचाने सगळी वजनं मुकाट टिपली, पण खुंट्याचं वजन मोठ्याने वाचलं होतं, कौतुकाने म्हणा की थट्टेने म्हणा: पंच्याण्णव सहाशे!

"काका," धाकटा हळूच म्हणाला, "गुरुवारी तुम्ही चौऱ्याण्णव दोनशे होतात."

"असेन."

"तीन दिवसांत दीड किलो?"

"झालं असेल."

"अहो, पण मग आधीही..." धाकट्याने वाक्य सोडून दिलं. पुढचं सगळ्यांना ऐकू आलं. मग आधीही तुम्ही वहीत खोटं लिहून घेत असाल. मग अकरातले निम्मे तुमचेच असतील.

"आमच्या बाबांनी काही खाल्लेलं नाही," काकाच्या जुळ्या मुलींपैकी एक उसळून म्हणाली. "आम्ही एका घरात राहतो. आम्हाला माहीत नाही का?"

"तू गप्प बस. तू मुलगीच आहेस त्याची, तू काय सांगणार," आत्या म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी कप्तानपद गेलं तेव्हापासून मन नाहीये त्याचं. मला दिसत नाही होय?"

थोरलीला वाटलं आपण आता काहीतरी बोलावं. कप्तान आपण आहोत. दोन वर्षांपूर्वी याच शेडमध्ये उभं राहून तिने काकाकडून कप्तानपद घेतलं होतं, भांडून नव्हे, तर आकड्यांनी. काका अंदाजाने चालतो, ती म्हणाली होती, आणि अंदाजाने आपण वीस वर्षं हरतोय. तिने वही आणली, घड्याळ आणलं, नवा काटा आणला, सरावाला उशीर केला तर शेडभर दोर खांद्यावर घेऊन चालण्याची शिक्षा आणली. आणि संघ जिंकायला लागला. काकाने एका शब्दाने विरोध केला नाही. तेव्हा तिला त्याचा रागही आला होता. भांडला असता तर जिंकल्याचं समाधान तरी मिळालं असतं.

तिने खिशातली चिठ्ठी काढली. आकडे तरी बघू. शेल्फावरची वही घेतली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले.

काका: चौऱ्याण्णव दोनशे, पंच्याण्णव सहाशे. एक किलो चारशे जास्त.

ती स्वतः: शहात्तर दोनशे, सत्त्याहत्तर सहाशे. एक किलो चारशे.

धाकटा, एक चारशे. थोरलीचा नवरा, एक चारशे. जुळ्या, दोघीही. आत्याची उपाशी ठेवलेली पोरं, दोघंही. आठांच्या आठांनी बरोब्बर तेवढंच खाल्लं होतं.

मान न वळवता तिने कोपऱ्यातल्या काट्याकडे पाहिलं. हा नवा काटा तिनेच आणला होता, रिळावरचा दोर तोलायला. रिकामं रीळ एक किलो चारशे ग्रॅमचं, म्हणून तेवढं वजन काटा आपोआप वजा करेल अशी सोय तिनेच करून घेतली होती. काट्यावर काही नसलं की लाल दिव्यांत दिसायचं, उणे एक पूर्णांक चार. दिवसातून शंभरदा डोळ्यांसमोर असणारा आकडा. दोर वळणाऱ्याच्या डोळ्याला तो चुकलेला दिसतच नाही. रिकामा काटा असाच असतो, त्याने शून्य दाखवलं तर बिघडला म्हणून हाक मारतील. आणि ह्याच काट्यावर ती आठ महिने माणसं उभी करत होती.

ती काट्याजवळ गेली. कोणाचं लक्ष नव्हतं. मागे आत्या आणि जुळ्यांची जुंपली होती. काट्याच्या बाजूला एक बटण होतं. ते दाबलं की वजावट पुसली जायची. दाबलं की शून्य. कोणाला काही कळलं नसतं. कप्तान राहिली असती, वही खरी राहिली असती, आणि उद्या दोराच्या पहिल्या जागेवर ती उभी असती, जिथे उभं राहायचं स्वप्न ती सात वर्षांची असल्यापासून बघत आली होती. तिने बोट बटणावर ठेवलं. हे नंतर तिने कोणाला सांगितलं नाही, पण बोट ठेवलं होतं.

"मी निघतो," मागून काका म्हणाला. "भांडू नका. सूनबाईला घ्या माझ्या जागी. संपला विषय."

आणि शेडमधल्या सगळ्यांनी श्वास सोडला. हे थोरलीला स्पष्ट ऐकू आलं. सूनबाई म्हणजे धाकट्याची बायको, राखीव खेळाडू, पासष्ट सातशेची. काकाच्या जागी ती घेतली तर संघ हद्दीपेक्षा एकोणीस किलो हलका होणार होता. फाउंड्रीवाले एका दमात ओढून नेतील, हे इथल्या प्रत्येकाला समजत होतं. तरी कोणी नाही म्हणालं नाही. अपराधी सापडला की माणसाला इतकं बरं वाटतं.

तिने बोट काढलं.

"काकाने काही केलेलं नाही," ती म्हणाली. "कोणीच काही केलेलं नाही. हे बघा. मी तुम्हाला रीळ वजा करून तोलत होते."

सगळे काट्याभोवती जमले. लाल आकडा जसा रोज असायचा तसाच होता. आत्याच्या थोरल्या पोराने हळूहळू हिशेब केला, आठ गुणिले एक चार, आणि "अकरा दोनशे" असं म्हणून तो कसनुसा हसला. दुसरं कोणी हसलं नाही.

"म्हणजे माझी पोरं उगाच उपाशी मेली," आत्या म्हणाली. पण जोर गेला होता. काकाकडे बघायचं टाळत ती बाकावर बसली.

थोरलीला वाटत होतं आता शिव्या पडतील. पडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याऐवजी काका पुढे आला, काट्याकडे बघून म्हणाला, "ते उणे मला दिसायचं गं. मला वाटलं तू वहीत धरतेस."

"मलाही दिसायचं," धाकटा म्हणाला. "मला वाटलं ताईच्या लक्षात असणारच. ताईच्या लक्षात नाही असं काही असतं का?"

"मग विचारलं का नाही कोणी?" थोरलीचा आवाज चढला. चूक आपली आहे हे विसरून ती क्षणभर पुन्हा कप्तान झाली. "आठ माणसं! आठ महिने! एकालाही तोंड उघडता आलं नाही?"

जुळ्यांपैकी जी कमी बोलायची ती बोलली. "मी उघडलं होतं, ताई. मार्चमध्ये. मी काट्यावर उभी होते. मी म्हटलं, ताई, हे रीळ... आणि तू भिंतीकडे बोट केलंस."

थोरलीला आठवलं. दोरावर एकच तोंड. त्या वेळी दोर कुठे होता? दोर खुंटीला लटकत होता. रांग लागली होती, तिला उशीर होत होता, आणि तिने वर न बघता भिंतीकडे बोट केलं होतं. आजोबांनी तो नियम मैदानासाठी केला होता. ती तो दारातून आत घेऊन आली, गाडीत बसवला, जेवणाच्या टेबलावर बसवला. लोक गप्प बसायला शिकले आणि तिला वाटलं शिस्त आली. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाबांनी रिळावर चापट मारली. बोलायचं असलं की ते असं करत. सगळे जवळ सरकले, कारण त्यांचं बोलणं चार हातांपलीकडे जात नसे.

"शेवटचा सामना," ते म्हणाले. दम घेतला. "माझा. आपण हरलो तो. सगळे म्हणाले खुंटा हलला. मीही म्हणालो."

"दादा, जाऊ दे ना ते," काका म्हणाला.

"दोर धरायच्या आधी हा मला म्हणाला होता. इथे माती पोकळ आहे, पाय धरत नाही, जागा बदलून मागू." बाबांनी भिंतीवरच्या ओळीकडे बोट दाखवलं. "मी म्हटलं, गप. एकच तोंड. मग तो गप्पच राहिला. बावीस वर्षं."

आत्याने पदर तोंडाला लावला. बावीस वर्षं तिनेच सगळ्यात जास्त वेळा ते वाक्य उच्चारलं होतं, खुंटा हलला नसता तर. काका खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागला, ती सुटलेलीच होती.

साडेतीन वाजले होते. रडायला आणि माफ्या मागायला वेळ नव्हता, हे थोरलीच्या नवऱ्याने फक्त घड्याळाकडे बघून सगळ्यांना सांगितलं.

"मी विचारते," थोरली म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडाला नवे होते. "कोणी निघायचं? तुम्ही सांगा."

बोलायची सवय एका दुपारीत परत येत नाही. शेवटी काकाच म्हणाला, "वजनाने बघ. फार जड माणूस काढलास तर समोरच्याला फुकट वजन दिल्यासारखं. जुळ्या काढून भागत नाही. अकरा जाऊन वर थोडं उरेल असं बघ. तशी दोनच माणसं आहेत. तू आणि हा."

थोरलीने भावाकडे पाहिलं. लहानपणी दोरीउड्या खेळताना ती म्हणेल तेव्हा तो बाहेर व्हायचा. नोकरी सोडून कारखान्यात ये म्हणाली, तो आला. आताही तो म्हणेल, ताई, तू राहा. ती वाट बघत होती. मनातल्या मनात तिने त्याचे आभारही मानून टाकले होते.

"मी निघणार नाही," धाकटा म्हणाला. "मला वाईट वाटतंय, ताई. पण मी नाही निघणार. मलाही उद्या तिथे उभं राहायचंय. चूक माझी नाहीये."

त्याची बायको, वहिनी, त्याच्या मागे उभी होती. तिने त्याच्या दंडाला धरलं, गप्प करायला की आधार द्यायला ते तिलाही ठाऊक नसावं.

थोरलीला राग आला. मग राग जिथून आला होता तिथे काही उरलंच नाही. तिने सगळ्यांना बोला म्हटलं होतं आणि पहिला माणूस खरं बोलला होता, एवढंच झालं होतं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "वहिनी, बूट घे. चल."

पावणेपाचला पंचाच्या खोलीत सगळे पुन्हा ओळीने उभे राहिले, अनवाणी. बुटांचा ढीग थोरलीपाशी होता. एकेक जण काट्यावर चढत होता आणि ती दाराजवळ उभी राहून मनात बेरीज करत होती. ती सवय काही सुटत नव्हती. काकाचं वजन पंचाने या वेळी मोठ्याने वाचलं नाही. वहिनी शेवटची चढली. पंचाने आकडा लिहिला, बेरीज केली, पुन्हा केली.

"सहाशे एकोणचाळीस, शंभर. बसलात," तो म्हणाला. "कप्तानाची सही."

थोरली सवयीने पुढे झाली, पेन हातात घेतलं.

"तुम्ही दोरावर आहात?" पंचाने यादी पाहिली. "नाही ना? मग तुमची सही चालत नाही. कप्तान दोरावरचाच लागतो."

हे तिच्या ध्यानात आलंच नव्हतं. जागा गेली, ते तिने गिळलं होतं. कप्तानपदही जाणार हे नव्हतं गिळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही, लपवायला हात मोकळा नव्हता. तिने पेन काकाकडे केलं.

काकाने पेन घेतलं, पण सही केली नाही. तो वळला आणि ओळीकडे बघत राहिला. एवढा मोठा माणूस, पण शाळेत उभं केल्यासारखा अवघडला होता.

"सहीआधी," तो म्हणाला, "कोणाला काही सांगायचंय? असेल तर आत्ता. उद्या दोरावर नाही चालणार."

आत्याची पोरं छताकडे बघू लागली. जुळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. पंचाने घड्याळाकडे पाहिलं. काका थांबून राहिला.

"माझ्या बुटाची टाच," वहिनी म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं तशी ती लाल झाली. "लोखंडी पट्टी सैल आहे. महिना झाला. ताईंचेच जुने बूट आहेत ते. मी म्हटलं, मी कुठे उतरणार आहे, कशाला सांगायचं."

रस्सीखेचीत सगळं टाचेवर असतं. पट्टी निघाली की टाच घसरते, टाच घसरली की मागची सात माणसं घसरतात. काकाने नुसतं "हं" केलं आणि सही केली.

पंचाकडे हातोडी होती. थोरली बाहेरच्या पायरीवर बसली, ढिगातून वहिनीचा बूट शोधला. आत कुठेतरी तिच्या स्वतःच्या पायाचा आकार अजून उमटलेला होता. तिने तो मांडीवर पालथा घेतला आणि खिळे ठोकले, चार, पाच, सहा. मग वहिनीचा पाय हातात धरून बूट चढवला.

"बघ आता."

वहिनीने टाच फरशीवर दाबली, रेटली. एरवी ती ठीक आहे म्हणून उठली असती.

"अजून थोडं हलतंय, ताई," ती म्हणाली.

थोरलीने बूट काढून परत मांडीवर घेतला.